वाचकांचे प्रश्न : खाणीतली धूळ, सोलापुरातला दवाखाना

सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. तरीही गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे खाणकामाविषयी चार पत्रे आली, आणि त्यांतील एक पूर्व भागातून आले याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. विणकामासाठी तेलंगणातून येथे आलेल्या अनेक घरांचे नातेवाईक गोदावरीकाठच्या कोळसापट्ट्यात आजही आहेत. एक भाऊ मागावर बसला आणि दुसरा खाणीत उतरला, अशी कुटुंबे मी स्वतः तपासली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. तेलंगणातील एका भूमिगत कोळसा खाणीत त्यांनी २८ वर्षे नोकरी केली. सुरुवातीला ते टोपलीने कोळसा भरत असत, पुढे ड्रिल मशिनवर गेले आणि शेवटची अकरा वर्षे छताला बोल्ट मारणाऱ्या टोळीत होते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे सोलापुरात राहतात. दोन-तीन वर्षांपासून त्यांना जिना चढताना धाप लागते, खोकला जात नाही आणि कधीकधी काळपट बेडका पडतो. छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसल्यामुळे त्यांना टीबीचा पूर्ण कोर्स दोनदा देण्यात आला, परंतु थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत आणि औषधांनी फरकही पडला नाही. याचा खाणीशी संबंध असेल का? असल्यास इतक्या उशिरा काही मागता येते का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे वडील शेवटची अकरा वर्षे छताला बोल्ट मारत होते ही आहे, आणि माझी शंका अशी की ती आजवर त्यांच्या एकाही केसपेपरवर लिहिली गेलेली नाही. आपल्याकडे डॉक्टर वय विचारतात, विडी-तंबाखू विचारतात, घरात कोणाला टीबी होता का हेही विचारतात; मात्र आयुष्यभर कोणते काम केले, हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. गिरण्या चालू होत्या त्या काळी सोलापुरात परिस्थिती थोडी बरी असावी, कारण आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते असे सांगणारा कामगार कापसाच्या धुळीने आजारी आहे, हे येथील जुन्या डॉक्टरांना चेहरा पाहूनच कळे. कोळशाच्या धुळीची तशी ओळख या शहराला नाही.

आता आजाराविषयी. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात आणि घशातच अडकते व खोकल्यावाटे बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी, सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची धूळ, जी थेट फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोहोचते. तेथील संरक्षक पेशी हे कण गिळतात, पण कोळसा त्यांना पचत नाही. कण साठत जातात, त्यांच्याभोवती दाह होतो आणि वर्षानुवर्षांनी तेथे घट्ट व्रण तयार होतात. या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात, आणि खाणकामगारांच्या बोलण्यात तो काळ्या फुप्फुसाचा आजार असतो. सुरुवातीला फोटोत केवळ बारीक ठिपके दिसतात व रुग्णाला काहीच त्रास नसतो. काहींमध्ये मात्र हे ठिपके एकत्र येऊन एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी बनतात, आणि या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात. टीबीचे डागही तेथेच दिसतात. अशी गाठ आतून मऊ होऊन फुटली तर शाईसारखा काळा बेडका पडू शकतो. वडिलांना दोनदा टीबी ठरवले गेले, त्याचे मूळ या साम्यात असण्याची शक्यता मोठी आहे.

बोल्ट मारण्याच्या कामाला मी इतके महत्त्व का देतो, तेही सांगतो. कोळसा भरणाऱ्याच्या छातीत मुख्यतः कोळशाची धूळ जाते. परंतु छत धरून ठेवणारे बोल्ट बसवण्यासाठी छताला भोक पाडणाऱ्याचे ड्रिल कोळशाच्या वरच्या वालुकाश्मात किंवा शेल या थरांच्या खडकात शिरते आणि त्या दगडात स्फटिकी सिलिका असते. सिलिका ही कोळशापेक्षा फुप्फुसाला कितीतरी अधिक घातक आहे. म्हणूनच आपल्या कोळसा खाण विनियम, २०१७ मध्ये श्वसनयोग्य धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे दोन मिलिग्रॅम ठेवलेली असली, तरी धुळीत सिलिका पाच टक्क्यांहून अधिक असेल तर ही मर्यादा त्या प्रमाणात आणखी खाली येते. शिवाय ड्रिल डोक्याच्या वर धरलेले असते आणि भुकटी तोंडावरच पडते. भोकात पाणी सोडून ओले ड्रिलिंग केले तर धूळ बरीच बसते. मात्र अंगावर गार पाणी गळते म्हणून पाणी बंद करून काम उरकण्याची सवय कामगारांना असते आणि वरिष्ठांनाही ती ठाऊक असते. वडिलांना एकदा शांतपणे विचारा, भोक कोरडे पाडत होता की ओले. उत्तर डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा.

तथापि, 'म्हणजे टीबी नव्हताच' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. सिलिकाने दुखावलेल्या फुप्फुसात टीबी होण्याचा धोका वाढतो आणि दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. म्हणून थुंकीची जनुकीय तपासणी पुन्हा करून घ्यावी, सोबत फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, चालल्यानंतर रक्तातील प्राणवायू किती उतरतो याची नोंद, आणि गरज वाटल्यास छातीचा सीटी स्कॅन करावा. सिव्हिलच्या छातीरोग विभागात जाताना जुने सगळे फोटो तारखेनुसार लावून न्या. सहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवल्यावर जे कळते, ते एकट्या नव्या फोटोवरून कळत नाही. औषधांनी गाठी न हलणे आणि थुंकी सतत स्वच्छ असणे, या गोष्टी धुळीच्या आजाराकडे बोट दाखवतात.

उपचारांबाबत मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. झालेले व्रण कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत, आणि धुळीपासून दूर गेल्यानंतरही आजार काही रुग्णांमध्ये पुढे सरकतो. पण श्वासनलिका आवळल्या असतील तर इनहेलरने आराम पडतो, प्राणवायू कमी असेल तर तो घरी देता येतो, श्वसनाचे व्यायाम शिकवल्याने माणूस पुन्हा चार पावले अधिक चालू लागतो, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसींनी दरवर्षीची आजारपणे कमी होतात. वडील विडी ओढत असतील तर ती थांबवणे आवश्यक आहे. विडीने हा आजार होत नाही, मात्र उरलेली क्षमता ती झपाट्याने खाते. पूर्व भागातील घर म्हटले की खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड, अशी रचना अनेकदा असते. तुमच्याकडे तसे असेल तर वडिलांना वेळ जावा म्हणून मागाजवळ खुर्ची टाकून बसवू नका; सुताचे तूस त्यांच्या छातीला आता परवडणारे नाही.

हक्काचा भाग. तुमच्या वडिलांच्या नोकरीच्या काळात खाण अधिनियम, १९५२ लागू होता. त्याखालील नियमांनुसार प्रत्येक कामगाराची भरतीच्या वेळी आणि नंतर किमान दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी करणे खाणीला बंधनकारक होते, आणि तिचा अहवाल 'फॉर्म ओ' या नमुन्यात भरला जाई. त्या अहवालांच्या व फोटोंच्या प्रतींसाठी खाणीच्या व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. त्याच अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आणखी एक तरतूद होती जी डॉक्टरांनाही फारशी माहीत नसते : खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाला असा अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या यादीतील, आजार असल्याचे वाटल्यास त्याचा लेखी अहवाल मुख्य निरीक्षकाकडे, म्हणजे धनबाद येथील खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे पाठवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक होते. हा अधिनियम आणि नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा, या दोहोंची जागा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. डॉक्टरांवरील हे बंधन नव्या संहितेतही आहे. खाण तेलंगणात असली तरी सोलापूरच्या डॉक्टरने अहवाल पाठवायचा असतो.

सिलिकोसिस आणि सिलिकासह झालेला टीबी हे आजार १९२३ च्या कायद्याप्रमाणे नव्या संहितेच्याही तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. दाव्यासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, मात्र उशिराचे कारण पटण्याजोगे असेल तर तो माफ करण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याला आहे, आणि आजाराचे निदानच चुकत राहिले हे कारण कमकुवत नाही. दावा खाणीच्या गावीच लावला पाहिजे असे नाही. कामगार जेथे राहतो तेथील प्राधिकाऱ्यापुढेही तो दाखल करता येतो. मात्र निदान कागदावर येण्यापूर्वी वकिलाकडे जाण्याचा उपयोग नाही. आधी छातीरोग विभाग, मग खाणीला अर्ज, मग कामगार कायद्याचा वकील, असा क्रम ठेवा.

प्रश्न : गिरणीत काम करणारे माझे आजोबा रोज संध्याकाळी गुळाचा खडा खात आणि त्याने छातीतली धूळ साफ होते असे सांगत. माझे एक नातेवाईक खाणीत आहेत, तेथेही गूळ खातात म्हणे. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : उसाच्या जिल्ह्यात गुळाविरुद्ध लिहिणे धाडसाचेच आहे. १९९४ मध्ये भारतीय संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात गुळामुळे फुप्फुसातील कण लवकर हलल्याचे नोंदवले होते, आणि या समजुतीला मिळालेला शास्त्रीय आधार म्हणजे प्रामुख्याने तोच. माणसांमध्ये गूळ खाल्ल्याने धुळीचा आजार टळतो किंवा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. घशाला ओलावा मिळून बरे वाटत असेल, तर खडा खाण्यास माझी हरकत नाही. मधुमेह असेल तर मात्र आहे. खरा आक्षेप वेगळा आहे. गूळ वाटला की धुळीवर पाणी मारण्याची जबाबदारी संपली, असे मालकालाही वाटू लागते आणि कामगारालाही.

प्रश्न : माझ्या मुलाने खाणकामाची पदविका पूर्ण केली असून चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत खाणीत त्याची प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली आहे. आमच्या घरात कोणी जमिनीखाली काम केलेले नाही. छत पडते, गॅस होतो, पाणी शिरते असे ऐकून झोप लागत नाही. त्याला जाऊ नको म्हणावे का?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, जाऊ नको असे मी म्हणणार नाही, पण तुमची भीती निराधार आहे असेही म्हणणार नाही. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. जमिनीखालच्या खाणी उरल्या आहेत त्या तुलनेने थोड्या, आणि तेथील धोके वेगळ्या जातीचे आहेत.

पहिला धोका छताचा. भूमिगत खाणीत कोळशाचे चौकोनी खांब मागे ठेवत बोगदे काढले जातात आणि पुढच्या टप्प्यात तेच खांब काढून घेतले जातात, तेव्हा छताचा आधार जातो. हा टप्पा सर्वांत नाजूक असतो. छत किंवा बाजूची भिंत पडून होणारे अपघात एका वेळी एका-दोघांचा जीव घेतात, म्हणून वर्तमानपत्रात त्यांना चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही; भूमिगत खाणीतील मृत्यूंचे ते पूर्वापार प्रमुख कारण आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी खाणीतला सरदार, म्हणजे कामगारांच्या गटावरचा मुकादम, लोखंडी सळईने छत ठोकून पाहतो. आपण माठ घेताना टिचकी मारतो, तसेच हे असते : भरीव आवाज आला तर छत धरून आहे, पोकळ आला तर वरचा थर सुटला आहे. बोल्ट किंवा टेकू न लावलेल्या छताखाली पाऊल टाकायचे नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो मोडला जातो तो 'दोन मिनिटांचेच काम आहे' असे म्हणत. तुमचा मुलगा पुढे ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा अधिकारी, झाला तर काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे येईल आणि त्या दिवशीच्या उत्पादनाचा आकडाही त्याच्याच डोक्यावर असेल. त्याने हा पेच आधीच ओळखून जावे, इतकेच सांगावेसे वाटते.

दुसरा धोका वायूंचा. कोळशात अडकलेला मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोटक होतो. म्हणून नियमाने १.२५ टक्क्यांच्या वर जाताच वीज तोडून माणसे मागे घ्यायची असतात. मिथेनच्या स्फोटाने जमिनीवरची कोळशाची भुकटी उडाली तर तीही पेटते आणि स्फोट बोगद्यांतून पुढे धावतो. ते टाळण्यासाठी चुनखडीची पूड पसरलेली असते. आगीनंतर होणारा कार्बन मोनॉक्साइड तर वासावरून कळतही नाही. कमरेला अडकवलेला सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे संकटात तोंडाला लावायचे श्वसनयंत्र, त्यासाठीच असतो, पण त्याचे दोन प्रकार आहेत : एक केवळ हा विषारी वायू निकामी करतो आणि दुसरा स्वतः प्राणवायू पुरवतो. हवेतील प्राणवायूच संपला असेल तर पहिल्या प्रकाराचा उपयोग नाही. आपल्याला कोणता दिला आहे, आणि तो डोळे मिटून लावता येतो का, हे मुलाने पहिल्याच आठवड्यात पाहावे. खाणीत उतरताना विडी-काडीसाठी झडती होते. सोलापूरच्या माणसाने त्याचा राग मानू नये.

तिसरा धोका पाण्याचा. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या भागात साठलेले पाणी फुटून खाली आले आणि ३७५ माणसे गेली. याच्या उलट १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा अभियंता जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून लोखंडी पिंजऱ्यासारख्या कॅप्सूलमधून ६५ जणांना बाहेर काढले. सहा जण मात्र वाचले नाहीत. पाणी भरलेल्या जुन्या खाणीपासून ६० मीटरच्या आत काम करायचे तर खास परवानगी लागते आणि पुढे आधी भोके पाडून चाचपणी करावी लागते. हा नियम जुन्या नकाशांवर विसंबून असतो. नकाशा चुकला की नियमही चुकतो.

गाजत नसलेल्या इजा याहून जास्त असतात. दोरीने ओढल्या जाणाऱ्या टबांत, म्हणजे कोळशाच्या छोट्या डब्यांत, बोटे सापडतात, उतारावर सुटलेला टब पायावरून जातो, गुडघ्यावर बसून काम केल्याने गुडघ्यात पाणी होते, आणि ड्रिल व पंख्यांच्या आवाजाने कान हळूहळू जातात. उकाड्याचेही सांगतो. सोलापूरच्या ४३ अंशांत आपण वावरतो, कारण येथील हवा कोरडी असते आणि घाम वाळतो. खाणीत हवा दमट असते. म्हणून तेथे ओल्या फडक्याच्या तापमापकाने ३३.५ अंशांची मर्यादा घातली आहे, आणि ते ३०.५ च्या वर गेले तर हवेचा वेग सेकंदाला किमान एक मीटर ठेवावा लागतो. मी स्वतः एकदाच एका शिबिराच्या निमित्ताने खाणीत उतरलो होतो. उकाडा सोसला, पण टोपीवरचे दिवे क्षणभर बंद केले तेव्हाचा काळोख मला आजही सोसवत नाही.

मुलासोबत एक गोष्ट नक्की पाठवा : भरतीच्या वेळी काढलेल्या छातीच्या फोटोची आणि कानांच्या तपासणीची प्रत घरी तुमच्याकडे पाठवायला सांगा आणि ती कपाटात जपून ठेवा. पहिल्या प्रश्नातील वडिलांकडे आज तेवढाच कागद असता, तर त्यांचे निम्मे काम झाले असते.

प्रश्न : माझा भाऊ सोलापूर जिल्ह्यातील एका ठिकाणी ठेकेदारामार्फत कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करण्याच्या कामावर आहे. घरी येतो तेव्हा नाक-तोंड काळे असते. त्यालाही खाणीतला आजार होईल का? तोंडाला गमछा बांधला तर पुरेल का?
— एक वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : होण्याची शक्यता आहे, पण ती भूमिगत खाणीपेक्षा कमी असते, कारण काम उघड्यावर चालते आणि छताच्या दगडाचे ड्रिलिंग तेथे नसते. तरी बंदिस्त शेडमध्ये किंवा कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या बोगद्यात झाडलोट करणाऱ्याला धूळ बरीच लागते. गमछा दिसणारी धूळ अडवतो. धोकादायक बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. त्याआधी कोळशावर पाण्याचे फवारे चालू आहेत का ते पाहिले पाहिजे, कारण मास्क हा शेवटचा उपाय आहे. भावाच्या वेतनचिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसते का, ते याच महिन्यात तपासा. दिसत असेल तर त्याचा विमा क्रमांक घेऊन सोलापुरातील ईएसआय रुग्णालयात छातीचा पहिला फोटो काढून घ्या आणि केसपेपरवर 'कोळसा उतरवण्याचे काम, किती वर्षांपासून' एवढे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. कपात होत नसेल तर ठेकेदाराचे नाव, कामाची जागा आणि कामावर लागल्याची तारीख मला कळवा. पुढच्या अंकात त्याविषयी स्वतंत्रपणे लिहितो.